टॅग दुसऱ्याच्या नावावर असला की गायीचा भाव पडतो

"ताई, टॅग तुमच्या नावावर नाही. मग दहा हजार कमीच बोलणार मी."

दारात आलेल्या व्यापाऱ्याने गायीचं तोंड उघडून दात बघितले, कासेवरून हात फिरवला, चारही सडांच्या दोन-दोन धारा तळहातावर काढून पाहिल्या. खोट सापडली नाही. मग कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर बोट ठेवून विचारलं, "हा कुणाच्या नावावर?" मी खरं ते सांगितलं आणि भाव 78 हजारांवरून 68 वर आला. दुधात, दातात, कासेत काही कमी नसताना!

गाय एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित, दुसऱ्या वेताची, नुकती व्यालेली, दोन्ही वेळचं मिळून 18 लिटरच्या पुढे. आमचे मालक चाकणला कंपनीत, सासूबाईंचे गुडघे गेलेले. एकटीला चार गायींचं शेणपाणी होईना, म्हणून एक काढायची ठरली.

राज्यात 1 जून 2024 पासून कानात टॅग नसलेल्या जनावराची बाजारात खरेदी-विक्री करता येत नाही. बिल्ल्यावरचा 12 आकडी नंबर 'भारत पशुधन' प्रणालीत मालकाच्या नावाला जोडलेला असतो आणि जनावर विकलं की तिथे नाव बदलावं लागतं. नियम चांगलाच आहे, चोरीचं जनावर विकणं त्याने अवघड होतं. आम्ही ही गाय कालवड असताना अकोले तालुक्यातल्या एका शेतकऱ्याकडून घेतली, तेव्हाच जनावरांच्या दवाखान्यात जाऊन नाव बदलायला सांगितलं होतं. "नंबर देऊन ठेवा, करून टाकतो," म्हणाले. नंबर वहीत उतरवूनही घेतला. त्यानंतर लसी त्याच दवाखान्याने टोचल्या, रेतनही त्यांनीच केलं. नाव मात्र जुन्याच मालकाचं राहिलं, आणि ते मला व्यापारी दारात उभा राहिल्यावर कळलं.

मग सुरू झाले हेलपाटे. कधी डॉक्टर लाळ्या-खुरकूताच्या लसीकरणाला गेलेले, कधी सर्व्हर बंद, कधी लॉगिन ज्यांच्याकडे ते रजेवर. सगळं जुळून आलं त्या दिवशी सांगितलं की जुन्या मालकाच्या मोबाइलवर संदेश जाईल, त्यातला आकडा सांगा. तो नंबर त्या माणसाने कधीच बंद केलेला. "मग त्यांनाच घेऊन या." कुणाला? दोन एसट्या बदलून येणाऱ्या, स्वतःच्या दावणीला जनावरं असलेल्या माणसाला? बाहेर बाकड्यावर बसून मी दुधाचा हिशोब करत होते. व्यायल्यावर सहा-आठ आठवडे दूध चढतं, मग उतरायला लागतं, आणि गिऱ्हाईक भाव करतं ते लिटरवर. म्हणजे तिथे वाया जाणारा प्रत्येक आठवडा माझ्या खिशातून जात होता. टेबलापलीकडच्या माणसाला त्याचं काहीच नव्हतं. दारातले व्यापारी मात्र ही अडचण बरोबर ओळखून होते. "कशाला फिरता, आम्ही बघतो टॅगचं," म्हणत प्रत्येकजण आधीच्यापेक्षा कमी बोलायचा.

शेवटी मी तोंडी बोलणंच बंद केलं. साध्या कागदावर अर्ज लिहिला. जुन्या मालकाने गाय देताना सही करून दिलेली पावती, माझं आधार आणि गाय माझ्याच गोठ्यात असल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला जोडला. एक प्रत दवाखान्यात देऊन दुसरीवर शिक्का आणि तारखेसकट पोच घेतली. तीच पोच घेऊन पंचायत समितीत पशुधन विकास अधिकाऱ्यांपुढे उभी राहिले. त्यांनी तिथूनच फोन लावला. जुन्या मालकाचा नवा नंबर मी दिला, तो बिचारा लगेच बोलला, आणि इतके दिवस अडलेलं काम त्याच आठवड्यात झालं. पोच घेतल्याशिवाय कागद देऊ नका, हे मी आता भेटेल त्या बाईला सांगते.

नाव झाल्यावर दारातल्या कुणालाच गाय दाखवली नाही. सरळ लोणीचा बुधवारचा बाजार गाठला. जाण्याआधी दवाखान्यातून आरोग्याचा दाखला घेतला. आणखी एक केलं होतं. या गायीचं दूध दहा दिवस वेगळ्या किटलीतून, वेगळ्या खात्यावर डेअरीला घातलं, त्यामुळे लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) सगळं पावतीवर होतं. त्या पावत्या बघितल्यावर "एवढं देत नसेल हो" असं कुणी म्हणालं नाही.

बाजारात एकाने रुमालाखाली हात धरायला पुढे केला. मी म्हटलं, तोंडाने बोला, चार माणसांत बोला. बोटांवर ठरलेला भाव दलाल दोघांना वेगवेगळा सांगू शकतो, आणि मधला फरक त्याच्याकडे राहतो. "घरचा माणूस कुठंय?" असंही विचारलं गेलं. गाय माझ्या नावावर आहे, म्हटलं, आणि टॅगचा कागद पुढे केला. तो कागद काढताना जे समाधान वाटलं ते वेगळंच. मागचा डावा सड जरा जड आहे, धार काढायला जोर लागतो, हे मी आपणहून सांगितलं. घेणारा सिन्नरकडचा शेतकरी होता, व्यापारी नव्हता. त्याने स्वतः धार काढून बघितली आणि 84 हजारांना सौदा झाला.

घरून विकणार असाल तर गिऱ्हाइकाला संध्याकाळची आणि सकाळची, दोन्ही धारा बघू द्या. इसार घेतलात तर बाकी रक्कम कधी मिळणार ते दोन साक्षीदारांसमोर कागदावर लिहा, त्यात टॅग नंबर आणि सांगितलेली खोटही लिहा. "पुढच्या बाजारी देतो" यावर दावं सोडू नका. नंतर "दूध बसलं नाही" म्हणून पैसे कापणारे खूप. मी पूर्ण रक्कम खात्यावर आल्याचा संदेश बघूनच दावं हातात दिलं. नाव बदलायचा अर्जही तिथेच दोघांच्या सह्यांनी भरला, म्हणजे त्या माणसाला माझ्यासारखं फिरायला नको.

आणि हो, गायीखालचं वासरू सौद्यात आहे की नाही, हे भाव बोलतानाच बोलून घ्या. व्यापारी ते सगळं ठरल्यावर फुकटात मागतात. आमची कालवड मी वेगळे पाच हजार लावून दिली.