माया, माळा आणि माझ्या : कादंबरीची पौषातली नोंद

माझ्या वऱ्हाडी कादंबरीचं बारावं प्रकरण, म्हणजे जागलीचं, रात्री पीक राखण्याचं, अखेर लिहून झालं. मृगापासून ते अडून बसलं होतं. पण ते कसं झालं हे सांगायचं तर आधी अकरा प्रकरणं कशी बिघडली ते सांगावं लागेल, कारण ती बिघडली नसती तर बारावं झालंच नसतं.

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की खर्डा दोघांना वाचायला दिला आहे. एक वाचक सांगलीकडचे, एक ठाण्याच्या. दोघांनीही मनापासून वाचलं आणि दोघांचं म्हणणं एकच पडलं: वऱ्हाडी संवाद आवडतात, पण ‘ळ’चा ‘य’ झाला की अडखळायला होतं. ‘काया बैल’ म्हणजे काळा बैल हे कळायला मागं जावं लागतं. ‘शाया’, ‘डोये’, ‘केयं’, ‘पयस’, सगळीकडे तेच. आठवडाभर विचार केला. ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’, ‘करून राह्यला’ हे जसंच्या तसं ठेवायचं, फक्त य चा परत ळ करायचा, असं ठरवलं. त्रेचाळीस शब्दांची यादी केली, ‘शोधा आणि बदला’ लावलं, एका संध्याकाळी काम आटोपलं. सेव्ह केलं. पेनड्राइव्हवरही टाकलं, त्याच नावानं, जुन्या फाइलवर.

तीन दिवसांनी आमच्या फीडरला रात्रीची लाईन आली. हरभऱ्याचं ओलित सुरू आहे, स्प्रिंकलरवर. एकदा पाईप लावले की ते पलटवेपर्यंत तीन तास मिळतात आणि ते तीन तास माझे, लिहिण्या-वाचण्याचे. मोटरच्या खोलीत घोंगडं पांघरून बसलो आणि मोबाईलवर चौथं प्रकरण उघडलं. सालदाराची, म्हणजे वर्षाच्या करारावरच्या शेतगड्याची, बायको वारलेल्या सासूबद्दल बोलते. मी लिहिलं होतं, ‘तिची माया आटली नाई कधी.’ समोर होतं, ‘तिची माळा आटली नाई कधी.’

पुढच्याच पानावर: ‘माळा बापानं हा धुरा बांधला.’ इथं मूळ शब्द ‘माया’, म्हणजे ‘माझ्या’. (धुरा म्हणजे शेताचा बांध.)

त्या रात्री पाईप पलटवायला मी अर्धा तास उशिरा उठलो. सगळं वाचत गेलो. आपल्या बोलीत ‘माया’ हा एकच शब्द तीन कामं करतो. ममता ती माया, गळ्यातल्या माळा त्या माया, आणि ‘माझ्या बापानं’ तेही ‘माया बापानं’. काही जण ‘माह्या’ लिहितात, पण माझ्या गावात तो ह ऐकू येत नाही म्हणून मी ‘माया’च ठेवला होता. यादी करताना माझ्या डोळ्यांसमोर फक्त गळ्यातल्या माळा होत्या. भजनी मंडळाच्या प्रसंगात ‘काया’ म्हणजे देह, तिथंही ‘काळा’ येऊन बसलं. ‘पूर्ण शब्दच बदला’ हा पर्याय लावला होता, त्यामुळे शब्दांचे तुकडे वाचले, पण अर्थ त्यानं वाचत नाही. अकरा प्रकरणांत ‘माळा’ दोनशे बारा ठिकाणी होतं.

पहिल्या पाच प्रकरणांची छापील प्रत माझ्याकडे होती, अमरावतीहून काढून आणलेली. सहा ते अकरा हातानंच दुरुस्त करावी लागणार होती. (ज्यांची एकच फाइल आहे त्यांनी हे वाचून झाल्यावर आधी दुसरी प्रत वेगळ्या नावानं काढावी. मी आता प्रत्येक फाइलच्या नावात तारीख घालतो.)

दुसऱ्या दिवशी लाँगबुकात रकाने पाडले. पान, वाक्य, मूळ शब्द काय असावा. दोन पानांतच कळलं की एवढ्यानं भागत नाही. वाक्य कोणाच्या तोंडी आहे आणि कोणाला उद्देशून आहे हे पाहिल्याशिवाय ‘माळा’चं काय करायचं ते ठरत नव्हतं. म्हणून आणखी दोन रकाने वाढवले: ‘कोण’ आणि ‘कोणाला’. तेव्हा ते फक्त सोयीसाठी होते.

हे काम मी छपरीत बसून करत होतो. मोठी माय शेजारी तुरीचे सोले काढत होती. तिचं वय अठ्ठ्याहत्तर, तिला वाचता येत नाही, पण पोळ्याच्या झडत्या आणि भुलाबाईची गाणी गावात सगळ्यात जास्त तिलाच येतात. म्हणाली, “काय खोडून राह्यला सकाळपासून?” मी म्हटलं, वाचून दाखवतो. सातवं प्रकरण काढलं. सालदार पाटलाकडे उचल मागायला वाड्यावर जातो तो प्रसंग. मी त्याच्या तोंडी भरगच्च वऱ्हाडी घातली होती आणि मला तो उतारा फार आवडत होता.

अर्धं पान झालं आणि तिचे हात थांबले. शेंग बोटांत धरलेली, सोललेली नाही.

“हा कोनाशी बोलून राह्यला?”

“पाटलाशी.”

“मंग असा काहून बोलते, घरच्यासारखा?”

मी परत वाचलं. ती बरोबर होती. वाड्याच्या ओट्याखाली उभा असलेला माणूस, हातात टोपी, आणि बोलतो कसा तर स्वतःच्या चुलीपाशी बसल्यासारखा. खराखुरा सालदार पाटलासमोर जीभ सांभाळतो. त्याला जमेल तेवढा ळ तो आणतो, चुकतमाकत आणतो. घरी आल्यावर तोच माणूस बायकोला ‘डोये काहून लाल झाले’ असं विचारतो.

मग मी तिच्याकडेच लक्ष देऊन ऐकायला लागलो. दोन दिवस ऐकलं. बैलाला, नातवाला, मला बोलताना ती स्वच्छ य वापरते. पण महालक्ष्म्यांची कहाणी सांगायला लावली तेव्हा सावरून बसली, पदर घेतला, आणि कहाणीत ‘डोळे’ आले, ‘काळी’ आली. बँकेतल्या साहेबांशी फोनवर बोलतानाही ळ. फोन ठेवला आणि मला म्हणाली, “काय बोलला थो, काई समजलं नाई.” एकच बाई, एकाच दुपारी, दोन्ही वापरते.

आता मागच्या नोंदी आठवा. मी तिथं ठामपणे लिहिलं होतं की प्रत्येक पात्राला त्याची त्याची भाषा ठरवून द्यायची: म्हातारीला य, मास्तरला ळ, आयटीआय केलेल्या पोराला मिश्र. ते मत मी आज मागे घेतो. भाषा पात्राला चिकटवून चालत नाही, ती समोर कोण आहे त्यावर ठरते. लाँगबुकातला ‘कोणाला’ हा रकाना उघडून पाहिला तर दोनशे बारा जागांचं उत्तर तिथंच होतं. ‘कोण’ या रकान्यापेक्षा तो जास्त कामाचा निघाला.

याच काळात ब्रिटिश काळातल्या ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड (1905) परत काढला. बायबलातली उधळ्या मुलाची तीच एक गोष्ट बोलीबोलीत उतरवून घेतलेली आहे, वऱ्हाडीतही आणि नागपुरीतही, त्यामुळे शेजारी शेजारी ठेवून फरक पाहता येतो. शब्दांच्या रूपांसाठी मी त्यावर भरवसा ठेवतो. पण त्या गोष्टीत एकच सांगणारा, एकच सूर आहे. माणूस वाड्यावर कसा बोलतो आणि कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, कसा बोलतो, हे त्यातून मिळत नाही. ते मिळतं रिद्धपुरातून. आमच्या गावाहून रिद्धपूर गाडीवर तासाभराच्या आत. तेराव्या शतकात म्हाइंभट माणसामाणसाला भेटून चक्रधरस्वामींच्या आठवणी विचारत फिरले आणि त्यातून लीळाचरित्र उभं राहिलं. स्वामी कुठं होते, समोर कोण होतं, कोण काय म्हणालं, हे धरून ती लीळा चालते. मराठी गद्याचा हा आरंभ आपल्याच अमरावती जिल्ह्यात झाला आणि त्यात आधी प्रसंग आहे, मग बोलणं. माझे रकाने पाहताना हे आठवलं आणि फार बरं वाटलं.

आता बारावं प्रकरण. अडत होतं ते इथं: तुरीच्या वावरात जागल, रात्र, सालदार मचाणावर, पलीकडच्या धुऱ्यावर दुसरा जागल्या, मध्ये रानडुकरांचा कळप. दोघं एकमेकांशी बोलतात. मी सहा वेळा लिहिलं आणि सहाही वेळा ते दिवसा पारावर बसलेल्या माणसांसारखं झालं. तेही मोठ्या मायला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “जागलीवर मानूस पुरं बोलत नाई बाबू. हाक देते, थांबते, आयकते.”

त्याच रात्री मोटरवर बसून मी फक्त ऐकलं, काही लिहिलं नाही. नोझलचा टक-टक आवाज, लांब कुठं तरी डबा वाजवणारा, मग शांतता, मग “हाऽऽ ओऽऽ”, परत शांतता. पलीकडून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजलं. मी दहापर्यंत मोजायचो तेव्हा उत्तर यायचं, आणि एकदा आलंच नाही. ते न आलेलं उत्तर म्हणजे माझं बारावं प्रकरण. दुसऱ्या पाळीला पेन्सिलीनं अकरा पानं झाली. (पेन्सिलीच वापरा. दवात कागद ओला झाला की बॉलपेन घसरतं. आणि बोलून टाइप करणारं ॲप वऱ्हाडीसाठी मी बंद केलं. ‘मले’ म्हटलं की ते ‘मला’ लिहितं, दर वेळी.)

हे लिहितानाच आणखी एक सुचलं, म्हणून आराखडा बदलतो आहे. शेवटच्या, अठराव्या प्रकरणात सालदार पाटलाला पहिल्यांदा उलट बोलतो. मी तिथं मोठं भाषण योजलं होतं. आता भाषण नको. सात ते सतरा प्रकरणांत तो वाड्यावर सांभाळून ळ म्हणतो. अठराव्यात पाटलासमोर त्याच्या तोंडून सरळ य निघतो, घरच्यासारखा. ‘माया बापानं बांधला हा धुरा.’ एवढंच वाक्य. सांगलीच्या वाचकालाही तोपर्यंत तो य कळेल, कारण अकरा प्रकरणं त्यानं घरातून आणि वाड्यावरून दोन्हीकडून ऐकलेला असेल. म्हणजे या दोघांची अडचण खरी होती, फक्त माझा इलाज चुकला होता. दोघांनाही तसं कळवलं आहे.

बाकी थोडक्यात. दोनशे बारापैकी एकशे सत्तर जागा झाल्या. आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकासाठी, अर्ज केला. राजा राममोहन रॉय एजन्सीकडून तो फुकट मिळतो, त्यामुळे कोणी ‘काढून देतो’ म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका. फाँटचा जुना वाद मिटवला. आधीच्या डीटीपीवाल्यांनी जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये मजकूर नेला आणि ‘पऱ्हाटी’चं (म्हणजे कापसाच्या झाडाचं) सगळीकडे ‘पर्हाटी’ झालं. कापसाच्या मुलखातल्या कादंबरीत ते मला चालणार नाही. आता मांडणी स्वतः करतो आहे, तिरो देवनागरी मराठी या फाँटमध्ये. मोफत आहे, ल आणि श आपल्या वळणाचे आहेत, आणि ऱ्ह नीट बसतो. इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून र, मग हलन्त, मग ह. इतकी वर्षं मी तो जोडाक्षर-यादीतून उचलून चिकटवत होतो!

पानांचा हिशोब मात्र हलला. 240 पानं धरली होती, म्हणजे छपाईचे सोळा पानी पंधरा फॉर्म. जागलीचं प्रकरण वाढल्यानं ते 247 वर गेलं. एक तर सात पानं कापायची, नाही तर एक फॉर्म वाढवून 256 करायची. आधी कापायचं ठरवलं होतं. आता वाटतं, त्या नऊ पानांत मोठ्या मायच्या तोंडची कहाणी घालावी, सावरून बसून, ळ सकट. पुस्तकात ती एकच जागा अशी असेल जिथं घरातलं माणूस घरातल्यांसमोर ळ वापरतं, कारण ती देवाशी बोलते आहे. आज तिला विचारलं, कहाणी लिहून घेऊ का. म्हणाली, सोमवारी ये, अंगोय झाल्यावर सांगीन.

एक गोष्ट तुम्हाला विचारायची आहे. जागलीच्या प्रकरणात दोन हाकांमधली शांतता पानावर कशी दाखवायची? टिंबांनी ती बोलणाऱ्याची वाटते, जणू त्याचंच बोलणं अडलं. मोकळी ओळ सोडली तर ती वावराची वाटते, आणि मला तीच हवी आहे. पण पानाच्या तळाशी मोकळी ओळ आली की वाचकाला ती दिसतच नाही. बाराव्यात अशा चौदा जागा आहेत आणि त्यातल्या तीन सध्या अगदी तळाशी येतात. कोणी आधी हे केलं असेल तर सांगा, त्यावरच समास ठरवणार आहे.