तुम्ही विचारलंत म्हणून: ओप्रा चांगली की वाईट?

हा प्रश्न मला दर वर्षी एकदा तरी विचारला जातोच. मी पत्रकारितेच्या मुलांना मुलाखत घ्यायला शिकवते. सुरुवातीच्या तासांना अमेरिकेतली टीव्हीवरची गाजलेली मुलाखतकार ओप्रा विन्फ्री हिच्या कार्यक्रमातले दोन तुकडे दाखवते, एक 1987 सालचा आणि एक 2007 सालचा. पहिला बघून मुलं भारावतात, दुसरा बघून चिडतात. मग तास संपल्यावर कुणीतरी दारात गाठतं. "मॅडम, तुमचं मत काय? ती चांगली की वाईट?" दारात उभं राहून याचं उत्तर नीट देता येत नाही. म्हणून आज सविस्तर लिहिते.

आधी पसारा सांगते. शिकागोतल्या एका सकाळच्या स्थानिक कार्यक्रमाची सूत्रं तिने जानेवारी 1984 मध्ये हाती घेतली. 8 सप्टेंबर 1986 पासून तिच्या नावाचा कार्यक्रम अमेरिकाभर दिसू लागला आणि 25 मे 2011 ला थांबला. 25 पर्वं, 4561 भाग. इतकी वर्षं रोज दुपारी लाखो घरांत जाऊन बसलेल्या माणसाचं मोजमाप एका शब्दात कसं करणार?

पहिला तुकडा वेस्ट व्हर्जिनियातल्या विल्यमसन नावाच्या लहानशा गावातला आहे. एड्स झालेला एक तरुण आपल्या गावी परत आला आणि उन्हाळ्यात सार्वजनिक तलावात पोहला. गावात घबराट पसरली. तलाव बंद करून पाणी उपसलं, तळ घासून काढला. ओप्रा कार्यक्रम घेऊन त्या गावात गेली. समोर तो तरुण बसलेला आणि भोवती त्याचेच गावकरी. एकेक जण उठून त्याच्या तोंडावर बोलतो. भीती, राग, धर्म, अफवा, सगळं बाहेर येतं. मी मुलांना सांगते, आवाज बंद करून नुसती ओप्रा बघा. बोलणाऱ्याला ती वाक्य पूर्ण करू देते. अंगावर येणारं बोलणं चाललं असलं तरी माइक मागे घेत नाही. आणि तितकाच वेळ त्या तरुणालाही मिळतो. त्या काळात एड्स झालेल्या माणसाजवळ बसायला लोक घाबरत, आणि इथे तो सगळ्या देशासमोर बसून आपल्या गावाशी बोलत होता.

त्याच वर्षी ती जॉर्जियातल्या फोरसाइथ काउंटीतही गेली. 1912 साली तिथून कृष्णवर्णीयांना हुसकून लावलं होतं, आणि पाऊणशे वर्षांनंतरही तिथे गोऱ्यांचीच वस्ती होती. ही कृष्णवर्णीय बाई तिथल्याच लोकांना समोर बसवून विचारत होती, तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते?

हे तिला कसं जमलं, याचं उत्तर मला तिच्या अपयशात सापडतं. 1976 साली ती बाल्टिमोरला संध्याकाळच्या बातम्या द्यायला गेली आणि काही महिन्यांतच तिला त्या खुर्चीवरून हटवलं गेलं. बातमीतल्या माणसाचं दुःख बघून तिला अलिप्त राहता येत नसे. 1978 साली तिथेच तिला गप्पांचा कार्यक्रम दिला, आणि पहिल्याच दिवशी आपण आपल्या जागी आलो असं तिला वाटलं. बातम्यांच्या टेबलावर जो दोष होता तोच सोफ्यावर गुण ठरला. समोरच्याचं दुःख ती स्वतःचं करून घ्यायची आणि समोरचा सांगतो ते खरं मानून ऐकायची. हे लक्षात ठेवा. मला जे सांगायचंय ते सगळं याच्याभोवती आहे.

लहानपणी आपल्यावर लैंगिक अत्याचार झाले, हे तिने कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या वर्षांतच बोलून दाखवलं. केबलच्या त्या नव्या दिवसांत आमच्या घरी माझी एक नात्यातली मावशी दुपारी यायची. इंग्रजी तिला बेताचंच कळायचं. अशाच एका भागात ती उठली, टीव्हीचा आवाज कमी केला आणि पुन्हा येऊन बसली. टीव्ही बंद मात्र केला नाही. शेवटपर्यंत बघितलं. ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. पण जे घरात उच्चारायचंच नाही असं ठरलेलं होतं, ते कुणीतरी उजेडात, चांगली साडीबिडी नेसून बसल्यासारखं बसून बोलत होतं. त्या दुपारचं ऋण मी विसरू शकत नाही. ओप्रा एवढ्यावर थांबली नाही. 1991 साली तिने अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. 1993 साली अध्यक्ष क्लिंटन यांनी ज्या बालसंरक्षण कायद्यावर सही केली, त्याला लोक आजही ओप्राचा कायदा म्हणतात. मुलांवर अत्याचार केल्याबद्दल शिक्षा झालेल्यांची देशपातळीवर नोंद ठेवायची आणि मुलांजवळ काम करणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासता यावी, हा त्याचा गाभा.

आता दुसरा तुकडा. सप्टेंबर 2007. अभिनेत्री जेनी मॅकार्थी आपल्या मुलाच्या ऑटिझमबद्दल बोलायला आली होती. तिचा रोख लसीकरणावर होता. ओप्राने अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचं निवेदन वाचून दाखवलं. लसी टिकवण्यासाठी वापरलं जाणारं थिमेरोसाल हे रसायन आणि ऑटिझम यांचा संबंध आतापर्यंतच्या संशोधनातून दिसत नाही, असा त्याचा आशय होता. त्यावर मॅकार्थीने सांगितलं की माझं विज्ञान माझा मुलगा आहे, तो घरी आहे. शेवटचा शब्द तिचा झाला.

इथे मी चित्र थांबवते. एकीकडे कागदावरचे चार कोरडे शब्द आणि दुसरीकडे डोळ्यांत पाणी आलेली आई. ओप्राच्या दिवाणखान्यात यातलं कोण जिंकणार, हे तिने वीस वर्षांत प्रेक्षकांना शिकवून ठेवलं होतं. विल्यमसनच्या तरुणाचं ऐकताना तिने जो विश्वास दाखवला, तोच इथेही दाखवला. पण फरक फार मोठा होता. तो तरुण स्वतःच्या आयुष्याबद्दल बोलत होता, आणि त्याच्या आयुष्याचा साक्षीदार तोच होता. ही आई मात्र स्वतःच्या घरातल्या अनुभवावरून जगभरच्या मुलांबद्दल निष्कर्ष काढत होती. दुःखाला साक्षीदार पुरतो. कारण सांगायचं असेल तर मोजमाप लागतं. ओप्राने दोन्हींना एकच खुर्ची दिली.

त्याच वर्षी तिने 'द सीक्रेट' या पुस्तकाचा डंका वाजवला. मनात घट्ट धराल ते विश्व तुमच्यापुढे आणून ठेवील, अशी ती शिकवण. ते कार्यक्रम बघून स्तनाचा कर्करोग झालेल्या एका बाईंनी तिला कळवलं की मी शस्त्रक्रिया नाकारून मनाच्या बळावर बरी होणार आहे. ओप्राने त्यांना कार्यक्रमात बोलावलं आणि वैद्यकशास्त्राकडे पाठ फिरवू नका असं समजावलं. ते तिने मनापासून केलं, हे मी मान्य करते. पण त्या बाईंनी आपला निर्णय बदलला नाही, आणि डिसेंबर 2010 मध्ये त्या गेल्या. त्या बाईंचं नाव मी वर्गात घेत नाही. पण त्या पत्राचा उल्लेख टाळतही नाही.

अतिथी आपापले अनुभव सांगतात, त्यातून विषयाला माणसाचा चेहरा मिळतो, अशा अर्थाचं स्पष्टीकरण कार्यक्रमाच्या बाजूने पुढे दिलं गेलं. मला ते पटत नाही. चेहरा कशाला द्यायचा, हे ठरवणारी तीच होती. तिने एखाद्या कादंबरीचं नाव घेतलं की छापखाने रात्रंदिवस चालत. टोनी मॉरिसन यांच्या चार कादंबऱ्या तिने दुपारच्या प्रेक्षकांपर्यंत नेल्या, आणि याबद्दल तिचे आभार मानावेत तेवढे थोडेच. 1996 साली गायींच्या रोगावरच्या भागात ती म्हणाली की यापुढे बर्गर खाणार नाही, तर गुरांचे भाव पडले म्हणून टेक्सासच्या पशुपालकांनी तिला कोर्टात खेचलं. 1998 साली ज्यूरीने तिच्या बाजूने कौल दिला, आणि तो योग्यच होता. पण आपल्या एका वाक्याचं वजन किती, हे तिला तेव्हा कळलं नसेल असं कसं म्हणायचं?

मला सगळ्यात जास्त छळतं ते पुढचंच. तिने निवडलेल्या एका आत्मकथनात जेम्स फ्रे या लेखकाने खोट्या गोष्टी घुसडल्याचं 2006 साली उघड झालं. आधी तिने त्याची बाजू घेतली. मग 26 जानेवारीला त्याला समोर बसवून जाब विचारला आणि प्रेक्षकांना सांगितलं की सत्याला महत्त्व नाही असा समज माझ्यामुळे झाला, ही माझी चूक. किती मोठी गोष्ट आहे ही! आपल्याच कार्यक्रमात, आपल्याच तोंडाने. (पुढे 2011 साली त्या दिवशीच्या कठोरपणाबद्दल तिने फ्रेचीही माफी मागितली.) एका पुस्तकासाठी जी उलटतपासणी झाली, तसली लसींसाठी त्या मंचावर झालेली मला दिसली नाही.

तिच्या सोफ्यावरून उठून स्वतःचा कार्यक्रम थाटणाऱ्या डॉक्टरांबद्दल थोडक्यातच लिहिते. डॉ. फिल त्या टेक्सासच्या खटल्यात तिचे सल्लागार होते, तिथून पडद्यावर आले. डॉ. ऑझ यांना वजन घटवणाऱ्या गोळ्यांच्या कौतुकाबद्दल 2014 साली सिनेटच्या समितीपुढे खडे बोल ऐकावे लागले. 2025 पासून अमेरिकेची सरकारी आरोग्यविमा यंत्रणा तेच चालवतात. त्यांच्या सगळ्या कृत्यांचा हिशेब ओप्राच्या नावावर मांडणं अन्यायाचं होईल, पण लोकांचा विश्वास त्यांना उसना मिळाला तो तिच्याकडूनच.

वजनावरून आठवलं. नोव्हेंबर 1988 मध्ये ती एक लाल ढकलगाडी ओढत मंचावर आली. गाडीत 67 पौंड, म्हणजे जवळजवळ 30 किलो, प्राण्याची चरबी. पातळ आहारावर राहून आपण एवढं वजन उतरवलं, हे दाखवायला. वजन परत आलं. 2024 साली तिने जाहीरपणे कबूल केलं की ती गाडी ही आपल्या मोठ्या पश्चात्तापांपैकी एक आहे आणि उपाशी राहून बारीक होण्याच्या वेडात आपलाही हात होता. छत्तीस वर्षं लागली, पण ती बोलली. म्हणून लसींच्या बाबतीतही मी आशा सोडलेली नाही.

तर, चांगली की वाईट? तिचा गुण आणि तिचा दोष एकाच ठिकाणाहून येतात. समोरच्यावर विश्वास ठेवायची तिची ताकद. त्यामुळे एक ठेवा आणि दुसरं टाका, असं तिच्या बाबतीत मला करता येत नाही. मी तिच्याकडूनच ऐकायला शिकले आणि तिच्यामुळेच ऐकून झाल्यावर थांबायचं नाही, हेही शिकले.

वर्गात दुसरा तुकडा मी अजूनही मॅकार्थीच्या त्या वाक्यावर थांबवते आणि मुलांना चिठ्ठी देते. आता ओप्राच्या जागी तुम्ही आहात, पुढचा प्रश्न लिहा. आई समोर आहे, तिला दुखवायचं नाही. बहुतेक चिठ्ठ्या एकतर फार मऊ असतात, नाहीतर फिर्यादी वकिलाच्या. मागच्या वर्षी शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने लिहिलेली मात्र मी जपून ठेवली आहे. "तुमच्या मुलाचं ऐकून मला फार वाईट वाटलं. त्याच वयाच्या, लस न घेतलेल्या मुलांमध्ये हे किती जणांना झालं, ते कुणी मोजलंय का? आपण दोघी मिळून त्यांना विचारू या का?"