दारूच्या पेटीचं काम कुठवर आलं

ठासणीच्या बंदुकीच्या दारूसाठी करायला घेतलेली लाकडी पेटी जवळपास उभी राहिली. गेल्या वेळी नुसत्या फळ्या कापून झाल्या होत्या. आता जोड बसलेत, झाकण लागलंय, आतून रंधा मारून झालाय.

लाकूडच का, हे पुन्हा लिहितो. आपल्यातले बरेच जण अजून दारू तिजोरीत ठेवतात आणि कुलूप आहे म्हणून निर्धास्त असतात. ठासणीच्या बंदुकीची ही काळी दारू उघड्यावर पेटली तर भपकन जळून जाते. तीच पोलादात घट्ट कोंडून पेटली की वायूला वाट मिळत नाही, दाब चढतो आणि तिजोरीच्याच ठिकऱ्या उडतात. कोंडलेली दारू काय करते ते आपल्याच जिल्ह्यात घडून गेलंय. 1818 च्या जूनमध्ये इंग्रजांनी मालेगावच्या किल्ल्याला वेढा घातला होता, तेव्हा आतला दारूसाठा उडाला आणि तटाचा भाग खंदकात कोसळला.

म्हणून फळी इंचभर जाड सागवानी घेतली. घरात आग लागलीच तर आतला डबा तापायला वेळ लागतो, आणि दारू पेटलीच तर सांधे सुटून दाब मोकळा होतो. कोपरे खाचा पाडून जोडलेत. आत कुठेही खिळा किंवा स्क्रूचं डोकं नाही, बिजागऱ्या पितळेच्या. लोखंडावर लोखंड घासून उडालेली एक ठिणगी काळ्या दारूला पुरते; आजच्या काडतुसांतल्या बिनधुराच्या दारूपेक्षा ही फार लवकर पेट घेते.

झाकण बसवताना मिस्त्री म्हणाले, "साहेब, कडेनं रबरी पट्टी मारतो, पावसाळ्यात ओल जाणार नाही."

"नको काका, झाकण सैलच हवं. ओल अडवायला आतला डबा आहे."

हे त्यांना पटायला वेळ लागला, पण पट्टी लावली नाही. दारू विकत आणली त्याच मूळ डब्यात, लेबलासकट राहणार. काचेची बरणी तर अजिबात नको. ओल लागली की दारूतला सोरा विरघळतो आणि दारूचे गोळे होतात. अशी दारू मी वापरत नाही. मात्र ती वाया गेली म्हणून बेफिकीरही राहू नका, वाळली की ती पुन्हा पेटू शकते.

जागा ठरली, उत्तरेकडची मागची खोली. पश्चिमेची भिंत एप्रिल-मेमध्ये हात लावू देत नाही. गॅस, इन्व्हर्टर आणि देवघरातली समई तिघंही तिथून लांब. कॅप, म्हणजे घोडा आपटला की ठिणगी देणाऱ्या छोट्या टोप्या, दुसऱ्या खोलीत, वेगळ्या कुलपात. ठिणगी देणारी वस्तू दारूशेजारी ठेवायचीच कशाला? साठा परवान्यात बसेल तेवढाच, आणि माझ्या मते त्याहूनही कमी असावा.

भांडी बाजारातून तांब्याचं नरसाळं आणलं, मापही पितळेचं आहे. नाशिकच्या कोरड्या थंडीत लोकरी किंवा नायलॉनचा स्वेटर घालून डबा उघडू नका, कपडा घासून स्थिर विजेची ठिणगी उडू शकते; सुती सदरा बरा.

आता कडी-कुलूप आणि झाकणावर लाल रंगात ठळक ‘स्फोटक’ एवढं राहिलंय. अग्निशमनवाले आलेच तर पेटीत काय आहे ते त्यांना दारातूनच दिसायला हवं. जाड पितळी कडी नाशिकमध्ये कुठे मिळते ते कुणाला ठाऊक असेल तर कळवा.