तुळस, फेरी चौथी: किलोचा हिशोब फसवा निघाला

दसरा झाल्यावर कृष्ण तुळशीचे दोन्ही गट कापले आणि तेल काढलं. उन्हातल्या १२ ग्रो बॅगांचं तेल किलोमागे १.७ मिली. शेडनेटखालच्या १२ बॅगांना पंधरवड्याला जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पातळ खत) आणि रोज भरपूर पाणी होतं, त्यांचं किलोमागे अवघं ०.७. पानं दुप्पट मोठी, टवटवीत, पण चुरगळली की वास येतो आणि लगेच विरतो.

रोपांचा दोष नव्हे. मागच्या फेरीत एका नर्सरीवाल्याने कृष्ण तुळस म्हणून तीन प्रकारची रोपं गळ्यात मारली होती, म्हणून या वेळी सगळी रोपं एकाच झाडाच्या फांद्या लावून केली. जात एक नसेल तर लागवडीबद्दल काहीच बोलता येत नाही. लखनौच्या सीमॅप या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेने सिम-आयु ही जात युजेनॉलसाठी, म्हणजे तेलातल्या लवंगेसारख्या वासाच्या घटकासाठी, निवडून काढली, ती उगाच नाही.

वाफेवर तेल काढायच्या भांड्यावरही संशय घेऊन पाहिला. तांबट आळीतून करून घेतलेलं आहे, झाकणाला कणकेचा लेप दिला की वाफ कुठून सुटत नाही. अडचण पुढे होती. गवती चहाचं तेल पटकन वर तरंगतं, तुळशीचं तरंगत नाही. युजेनॉल पाण्याहून जड, बरेचसे बाकी घटक हलके, त्यामुळे तेल दुधाळ होऊन मध्येच अडकतं. वाफ थंड होऊन आलेल्या अर्कात मीठ विरघळवून पाणी जड केलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी नळीत वर स्वच्छ पिवळसर कडं! ते पाहून झालेला आनंद तुम्हालाच कळेल. दोन्ही गटांना हेच केलं, वर दिलेले आकडे त्यानंतरचेच.

मग सोन्या मारुती चौकातून आणलेलं सोनारी भिंग काढलं. उन्हातल्या पानाच्या मागच्या बाजूला तेलग्रंथींचे चकचकीत ठिपके दाटीने बसलेले. सावलीतल्या पानावर तेच ठिपके लांब लांब पांगलेले. पान पसरलं, ग्रंथी विरळ झाल्या.

इथवर सगळं जुळत होतं. पण वजनाची वही पुन्हा चाळली आणि थबकले. सावलीच्या बॅगांनी २.८ किलो पाला दिला होता, उन्हातल्यांनी १.२ किलो. म्हणजे एकूण तेल दोन्हीकडे साधारण २ मिली! शिवाय सावलीतला १०० ग्रॅम पाला वाळून १४ ग्रॅम राहिला, उन्हातला २२. सुक्या वजनावर फरक किलोमागे ५ आणि ७.७ मिली इतका खाली येतो. आहे, पण वाटला होता तेवढा नाही. किलोमागे ओला पाला धरून घरी तेल काढणारे आपण सगळे इतके दिवस थोडं पाणीच मोजत होतो. यापुढे ओलं वजन, सुकं वजन आणि बॅगेमागे तेल, असे तीन आकडे द्यावेत, ही सगळ्यांना विनंती.

सासूबाईंना हे सांगितलं, तर म्हणाल्या, "वृंदावनातली बघ, तिला रोज एक तांब्या पाणी, वर काही नाही. वास तिचाच." ती तुळस आम्ही कापत नाही. पण ती गच्चीवर दिवसभर उन्हात, बिनखताच्या जुन्या मातीत उभी आहे. मी ऊन, पाणी आणि खत तिन्ही एकदम बदललं होतं, त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचं ते ठरत नाही.

बेत असा होता की पुढच्या फेरीत तिन्ही वेगळे करायचे. पण हे लिहिता लिहिताच दुसरं सुचलं. सावलीत पाला वाढवायचा आणि शेवटी उन्हात आणायचं, असं केलं तर? नुसतं बाहेर काढून भागणार नाही. ग्रंथी बऱ्याचशा पान कोवळं असतानाच बनतात, जुन्या पानावर नवीन फारशा येत नाहीत. म्हणून आधी छाटणी, मग दोन-चार दिवस अर्धं ऊन, मग पूर्ण, आणि नवी फूट उन्हातच.

थंडी पडली की तुळस थबकते, म्हणून आज सकाळी शेडनेटखालच्या सहा बॅगा गुडघ्याएवढ्या छाटल्या आणि जीवामृत बंद केलं. उरलेल्या सहा नेटखालीच राहतील. मंजिऱ्या आल्या की दोन्हींचं तेल एकाच दिवशी काढेन.