बाटली क्रमांक ३ : तांदळाने केलेली फसगत

साताऱ्याजवळील संगम माहुलीच्या परिसरातील गोठ्यामागील डबक्यातून आणलेल्या बाटली क्रमांक ३ मधील हिरवे जीव युग्लीनाच (पोहणारा एकपेशीय सूक्ष्मजीव) आहेत, असे मी मागील नोंदीत ठामपणे लिहिले होते. गेल्या आठवड्यात ते विधान मागे घेण्याची वेळ जवळजवळ आली होती. सर्व पेशींनी पोहणे सोडले, कशाभिका (पोहण्यासाठीचे चाबकासारखे धागे) टाकल्या आणि गोल होऊन त्या काचेला हिरव्या सायीसारख्या चिकटल्या. प्रतिकूल परिस्थितीत युग्लीना असे करतो खरा, पण क्लॅमिडोमोनस हे दोन कशाभिकांचे एकपेशीय हिरवे शैवालही तसेच करते. आकारमान मोजून निवाडा झाला असता. मात्र सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रिकेत बसवायची मोजपट्टी पुरवठादाराने चुकीच्या व्यासाची पाठवली आहे आणि ती बदलून देण्याची त्याला घाई नाही.

उरली आयोडीन चाचणी. क्लॅमिडोमोनस स्टार्च साठवतो, तो निळा-काळा होतो. युग्लीना साठवतो ते पॅरामायलॉन हे कर्बोदक आयोडीनने रंगत नाही. मी थेंब सोडला आणि संपूर्ण स्लाइड निळी-काळी झाली. तीन स्लाइड केल्या, तिन्ही तशाच. दोन रात्री मी हळहळत काढल्या. तिसऱ्या दिवशी, पेशी नसलेल्या नुसत्या पाण्याच्या थेंबावर आयोडीन टाकून पाहावे हे सुचले (हे आधीच करायला हवे होते), आणि तोही निळा झाला. पोषणासाठी मीच बाटलीत उकडलेले तांदळाचे दाणे टाकले होते!

मग थोडी साय ताज्या, क्लोरीन उडालेल्या पाण्यात घेतली, नळीला काळा कागद गुंडाळला आणि उजेडाकडे येणाऱ्या पेशी जमाव्यात म्हणून एका बाजूला बोटभर फट ठेवली. दुसऱ्या दिवशी फटीशी हिरवी रेघ उमटली होती. काचेच्या ड्रॉपरने तेवढीच उचलली (प्लॅस्टिकचे ड्रॉपर अशा कामाला निरुपयोगी आहेत, हे माझे मत कायम आहे). ४०च्या वस्तुभिंगाखाली लांबट पेशी अंग फुगवून-आखडून सरकत होत्या. कडक पेशीभित्तिका असलेल्या क्लॅमिडोमोनसला हे जमत नाही. लाल नेत्रबिंदू स्पष्ट होता. आयोडीन दिल्यावर पेशी पिवळट-तपकिरी झाल्या, निळी छटा कुठेही नव्हती, आणि मेलेल्या पेशीवर एकच लांब कशाभिका दिसली. ते दृश्य मी बराच वेळ पाहत बसलो.

हरितलवक असूनही युग्लीनाला वनस्पती का म्हणू नये, हा प्रश्न येथे पुन्हा निघेलच. जीवशास्त्रज्ञ हेकेलने १८६६ मध्ये प्रोटिस्टा हा वनस्पती व प्राणी यांहून वेगळा गट मांडला आणि व्हिटेकरच्या १९६९ च्या पंचसृष्टी (सजीवांचे पाच गट) पद्धतीतही युग्लीना तेथेच आहे. निद्रारोग घडवणारा ट्रिपॅनोसोमा हा परजीवी त्याचा जवळचा नातलग असल्याने मला ‘वनस्पती’ हे नाव अधिकच अप्रशस्त वाटते.

आता संपूर्ण बाटली कपाटाच्या अंधारात ठेवून पाहण्याचा बेत होता, परंतु लिहिता लिहिता तो बदलतो आहे. फटीशी जमलेल्या पेशींचेच दोन भाग करीन, एक खिडकीत आणि एक अंधारात. दोन्हींत तांदूळ न घालता वाळलेल्या शेणाचा उकळून गाळलेला अर्क घालीन. आयोडीनचा थेंब टाकून तो अर्क आधी तपासला जाईल. अंधारातील पेशी फिकट होऊन तग धरतात का, ते पंधरा दिवसांनी कळवतो.