मातीला हात कधी लावायचा?

दरवर्षी जूनमध्ये नवी मुलं येतात आणि साधारण चौथ्या दिवशी कुणाच्या तरी पालकांचा फोन येतो. "मॅडम, पोरगं मूर्तिकाम शिकायला पाठवलंय, ते सळ्या वाकवत बसलंय. मातीला हात कधी लावणार?" मुलंही विचारतात, जरा आडून. गेल्या महिन्यात सख्ख्या भाच्यानं विचारलं, "मावशी, जे शेवटी कुणाला दिसणारच नाही, त्यावर पंधरा दिवस?" इतक्या वर्षांत मी प्रत्येकाला तुटक काहीतरी बोलून वाटेला लावलंय. आता तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदाच नीट सांगते.

सळ्या वाकवून जो सांगाडा करतात, ते आर्मेचर. आर्मेचर म्हणजे आतला आधार, असं आम्हीच मुलांना सांगतो आणि तिथेच घोळ होतो. आधार म्हटलं की वाटतं, पडू नये म्हणून लावलेला टेकू. पण भार कुठल्या पायावर आहे, त्या बाजूची कंबर किती वर चढलीय, त्याच बाजूचा खांदा किती उतरलाय, हे सगळं सळईतच ठरतं. एका पायावर भार देऊन उभ्या असलेल्या माणसाच्या गळ्याच्या खळीतून ओळंबा सोडा, दोरा त्या पायाच्या घोट्याजवळ येतो. हे सळईत आलं नसेल तर वरून कितीही माती चढवा, नाक-डोळे कितीही हुबेहूब काढा, माणूस उभा राहत नाही. शिल्पकार गणपतराव म्हात्र्यांची मंदिरपथगामिनी, म्हणजे देवळाकडे निघालेल्या बाईची मूर्ती, १८९६ची, त्यांच्या विद्यार्थिदशेतली. लोक तिच्या लुगड्याच्या चुण्या बघतात, बघाव्यातच. मी मुलांना चुण्या विसरून फक्त कमरेची आणि खांद्यांची अशा दोन रेघा काढायला सांगते. त्या रेघा चुण्यांत सापडत नाहीत, त्यांच्या आत असतात.

आणि वजन. माणसाचं शरीर साधारण पाण्याइतकं जड, ओली माती त्याच्या पावणेदोन ते दोन पट. म्हणजे ६० किलोंची बाई मातीत भरीव केली तर १०५ ते १२० किलोंची होते, वर लुगड्याचा घोळ आणि ओली फडकी वेगळी. आपल्याला पेलायला हाडं आहेत, स्नायू आहेत. मातीला यातलं काही नाही. दीड फुटाचं काम ॲल्युमिनियमच्या तारेवर छान उभं राहतं, म्हणून मुलं तोच हिशेब तिपटीनं वाढवतात. उंची तिप्पट झाली की वजन २७ पट होतं. सळई तिप्पट जाड घेतली तरी तिच्या छेदाचं क्षेत्रफळ नऊ पटच वाढतं. बाकीचं वजन कुठे जाणार?

नुसत्या गोल सळईवर हाताची माती लावून मनगट दाबून बघा. अख्खा हात सळईभोवती गर्रकन फिरतो. म्हणून दोन तारांचा पीळ द्यायचा, वर सुतळी गुंडाळायची, आणि छातीत, पोटात, मांडीत तारेला लाकडाच्या छोट्या फुल्या लोंबत्या सोडायच्या. बटरफ्लाय म्हणतो आम्ही त्यांना. माती त्यांना धरून बसते. (काही पालक विचारतात, मूर्ती भाजून घरी आणता येईल का. नाही. माती सुकताना आकसते, लोखंड आकसत नाही, मग तडे जातात. आर्मेचरवरचं काम ओलं ठेवायचं आणि ओलंच साच्याला द्यायचं.)

एवढं तर कुणीही शिक्षक सांगेल. पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही.

सतरा वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका गावच्या शाळेनं त्यांच्या संस्थापक बाईंचा पूर्णाकृती पुतळा सांगितला. साडेसहा फूट, ब्राँझ. माझं पहिलं मोठं काम. बाई वाडीवाडीवर चालत जाऊन मुलींना शाळेत आणायच्या. त्यांच्या लेकीनं एकच धड फोटो दिला. प्रार्थनेला उभ्या, पदर कमरेला खोचलेला, भार डाव्या पायावर, पाठ ताठ. फोटो देताना ती म्हणाली, "आई कधी भिंतीला टेकून उभी राहिलेली मला आठवत नाही."

पाइप आणि सळ्या घेऊन मी उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत गेले. तिथला वेल्डर म्हणाला, "ताई, कमरंच्या आडव्या सळीला दोन तिरक्या पट्ट्या मारू काय? नुसत्या तारंवर नगं." मी नको म्हणाले. कंबर मला नंतर हलवायची होती. वेल्ड केलं की पोझ मेली, असं मी तेव्हा मानायची आणि चारचौघांत बोलूनही दाखवायची. पाइपला आडवी सळई मी स्वतः बांधली, बाइंडिंगच्या तारेनं, पकडीनं पीळ देऊन. हात लाल होईपर्यंत पीळ दिला होता, हे मात्र खरं.

तीन आठवडे माती चढवली. साडेसहा फुटी म्हणजे खऱ्या बाईच्या जवळजवळ दुप्पट माती. चेहरा आला होता, डोळे आले होते. जुलैची ती रात्र, पाऊस कोसळत होता. ओली फडकी गुंडाळून, वर प्लास्टिक बांधून मी घरी गेले. सकाळी प्लास्टिक काढलं तेव्हा आधी काही लक्षातच आलं नाही. पुतळा उभा होता. मग नजर कमरेच्या पदराकडे गेली. आदल्या दिवशी बोटभर खोल कोरलेली घडी मिटली होती, ओठ मिटावेत तशी. डाव्या गुडघ्याच्या वर मातीचं एक वळं आलं होतं. मी ओळंबा सोडला. घोट्याजवळ यायचा दोरा चार बोटं पुढे पडला. पुन्हा सोडला. पुन्हा तिथेच. आतली तार तुटली नव्हती, सरकली होती. बांध पाइपवरून घसरला, कंबर खाली बसली आणि धड पुढे झुकलं.

माती उतरवायला हवी होती. दुसरा मार्ग नव्हता आणि हे मला त्याच क्षणी कळलं होतं, म्हणूनच स्वतःला माफ करणं जमत नाही. पण अनावरणाच्या पत्रिका छापून झाल्या होत्या, ओतकामाची उचल देऊन झाली होती, आणि तो चेहरा मला पुन्हा जमेल याची खात्री नव्हती. मी गाडीचा जॅक आणून कमरेखाली लावला. दोन बोटं वर उचलल्यावर काखेत चीर गेली, खांद्यापर्यंत. तिथेच थांबले. बांबूचा टेकू दिला, चीर बुजवली, पदराची घडी पुन्हा कोरली आणि आठ दिवसांत प्लास्टरचा साचा घेतला. साचा निघाला की आतली माती खणून काढतात. सांगाडा मोकळा झाला तेव्हा पाइपवर तार घासल्याची चकचकीत रेघ दिसली. मोजली. साडेतीन सेंटिमीटर.

अनावरणाला लेक बराच वेळ बघत राहिली. "डोळे आईचेच आहेत," म्हणाली. निघताना म्हणाली, "जरा थकलेली वाटते, नाही?" मी म्हणाले, ब्राँझ नवं आहे, चकाकी उतरली की वेगळं दिसेल. ते खोटं होतं आणि तिनं ते ऐकून घेतलं.

याहून अवघड पुढे आहे. गावाला तो पुतळा फार आवडतो. "बाई किती राबल्या, ते दिसतं बघा," असं म्हणतात. माझ्या कामांत तेच सर्वांत जिवंत, असं दोन शिल्पकार मित्रांनी मला सांगितलंय, आणि दोघांनीही बोट ठेवलं ते झुकलेल्या धडावरच. मी गप्प बसले. ज्या बाई टेकून उभ्या राहायच्या नाहीत, त्या माझ्या एका बांधामुळे कायमच्या वाकल्या आणि लोकांनी त्यात माया पाहिली.

त्या वेळची मी अजूनही माझ्याशी भांडते. ती म्हणते, मातीनं आपण होऊन जे दिलं ते तू नाकारतेस. ती फ्रेंच चित्रकार-शिल्पकार देगाचा दाखला देते. त्यानं १८८१मध्ये पॅरिसला मांडलेल्या चौदा वर्षांच्या नर्तकीचे पुढे क्ष-किरण फोटो काढले, तर मेणाच्या आत शिशाचा पाइप, तारा आणि हातांत चक्क जुन्या ब्रशांचे दांडे निघाले. हाताशी आलं ते खुपसलेलं. आणि त्या पोरीच्या पाठीमागे घेतलेल्या हातांतला ताण आजही अंगावर येतो. मी तिला म्हणते, १९१७मध्ये देगा गेल्यावर त्याच्या स्टुडिओत दीडशेच्या आसपास कामं सापडली, त्यातली कितीतरी मोडलेली, ती कुणी मोजायची? ती म्हणते, उरली ती बघ. मी म्हणते, त्याला कुणाच्या लेकीला तोंड दाखवायचं नव्हतं. इथे आमचं भांडण थांबतं. मिटत नाही.

पंधरा दिवस सळ्या वाकवायला लावण्यात शिस्त किती आणि माझी भीती किती, हे मला वेगळं करून सांगता येत नाही. कमरेचा सांधा वेल्ड केलेला नसेल तर मला आजही रात्री झोप लागत नाही. त्यामुळे त्यानंतरची माझी सगळी कामं सरळ उभी आहेत. जरा जास्तच सरळ, असं काही जण म्हणतात. ऐकून राग येतो, कारण अधूनमधून मलाही तसंच वाटतं. तरीही पालकांना उत्तर तेच आहे: माती सोळाव्या दिवशी.

यंदाच्या मुलांतली एक जण तिच्या आजीचं करतेय. जात्याशी बसलेली, अडीच फुटी. परवा म्हणाली, "मॅडम, मान तारेवरच ठेवू का? आजी कुठे बघतेय ते मला अजून सापडलेलं नाही." मी तिच्या हातातली सळई घेऊन बराच वेळ तशीच उभी राहिले. मग म्हणाले, ठेव. दुपारी बाकीचा सांगाडा रिक्षात घालून आम्ही दोघी उद्यमनगरात गेलो. वेल्डर तोच आहे, केस पिकलेत. त्यानं विचारायच्या आधीच मी कमरेत दोन तिरक्या पट्ट्या सांगितल्या.