बांधावरचे भुंगे

निपाणी भागात सोयाबीन फुलोऱ्याला आले की आमच्याकडे येणाऱ्या तक्रारी बहुतेक अळीच्या असतात. त्या दिवशी मात्र एक वयस्कर शेतकरी प्लास्टिकच्या बरणीत भुंगे भरून घेऊन आले. "साहेब, ही किडं बांधावरनं सोयाबीनात उतराय लागल्यात, पानांची चाळण झालीया, औषध लिवून द्या," असे त्यांचे म्हणणे होते. भुंगे मळकट पांढरे, पाठीवर तपकिरी उभ्या रेघांचे होते. गाजरगवत, म्हणजेच काँग्रेस गवत, खाणारा मेक्सिकन भुंगा तो हाच, हे ओळखायला वेळ लागला नाही. पण पानांना भोके पडली होती हेही तितकेच खरे असल्याने, 'हा मित्रकीटक आहे' एवढे सांगून तात्यांना परत पाठवणे मला पटेना.

शेतावर पाहिले तर बांधावरच्या गाजरगवताच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या आणि शेजारच्या सोयाबीनच्या पानांची जाळी झाली होती. दिवसाउजेडी डोळ्यांना दिसत होते ते फक्त भुंगे, म्हणून संशयही त्यांच्यावरच. मी एका बरणीत सोयाबीनची कोवळी पाने आणि दुसरीत गाजरगवताचा पाला घालून दोन्हींत भुंगे सोडले, आणि तोवर झाडांच्या बुडाशी माती उकरायला सांगितली. ढेकळांखाली दडलेल्या जाडजूड अळ्या निघू लागल्या: तंबाखूवरील पाने खाणारी अळी, जी मोठी झाल्यावर दिवसा मातीत लपते आणि रात्री पाने फस्त करते. तंबाखूच्या या मुलखात तात्यांना तिची ओळख करून द्यावी लागली नाही. संध्याकाळी बरण्या उघडल्या तेव्हा सोयाबीनच्या पानाला एक चावाही नव्हता, गाजरगवताचा पाला मात्र कुरतडलेला होता.

हा संशय नवा नाही. १९५० च्या दशकात पुण्यात नोंदले गेलेले हे तण देशभर पसरल्यावर मेक्सिकोतून आणलेला हा भुंगा १९८४ मध्ये बंगळूरला सोडण्यात आला. पुढे तो सूर्यफुलावर दिसल्याची ओरड झाली आणि चौकशीही झाली. गाजरगवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडले तरच तो तिकडे थोडाफार तोंड लावतो, असे त्यातून पुढे आले.

असे असले तरी या भुंग्याचे आपल्याकडे जरा जास्तच कौतुक होते, असे माझे मत आहे. हिवाळ्यात तो जमिनीत शिरून सुप्तावस्थेत जातो आणि पावसाबरोबर वर येतो. त्याची संख्या वाढेपर्यंत पहिल्या पावसात उगवलेली झाडे फुलून गेलेली असतात, आणि एकेक झाड हजारो बिया टाकते. म्हणून फुलण्याआधी उपटणे टळत नाही, आणि मोकळ्या पडीक कडेला टाकळा वाढू दिला तर तो गाजरगवताला दाबतो.

तात्यांशी बोलून शेवटी असे ठरले की अळीसाठीची फवारणी फक्त सोयाबीनमध्ये, तीही अळी वर येते त्या संध्याकाळच्या वेळी आणि वारा पडल्यावर करायची, जेणेकरून औषध बांधावर उडणार नाही. फुलावर आलेले गाजरगवत हातमोजे घालून उपटायचे आणि भुंगे असलेला कोवळा पट्टा तसाच सोडायचा. शेजारी त्याच बांधाच्या पलीकडच्या अंगाला तणनाशक मारायची तयारी करत होते. त्यांना थांबवायला तात्या मला न विचारताच, भुंग्यांची बरणी हातात घेऊन निघाले.